ट्रेक म्हणजे सहल नव्हे

शाळा-कॉलेजात जाणारी मुले घरी येऊन सांगतात, "आई, आमचा ट्रेक आहे." आईला वाटते, सहल असेल. ती दशम्या बांधून देते आणि निश्चिंत होते. वाचकहो, या शब्दाचा नेमका अर्थ कळला, तर मुलांना काय विचारावे हेही कळेल.

गंमत अशी, की हा शब्द मूळचा शेतकऱ्याच्या बैलगाडीचा आहे. डच भाषेत 'ट्रेकन' म्हणजे ओढणे. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशाच्या लोकांना 'बोअर' म्हणत. बोअर म्हणजे शेतकरी. १८३५ पासून त्यांच्यातील हजारो लोक इंग्रजी अमलाला कंटाळून, बैलगाड्यांत बिऱ्हाड घालून केप प्रांतातून बाहेर पडले. एकेका अवजड गाडीला बारा-सोळा बैल जुंपलेले असत. गुलामगिरी बंद झाल्याचाही त्यांना राग होता आणि पुढे त्यांनी तेथील मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावल्या, हेही विसरता येत नाही. त्या स्थलांतराला 'ग्रेट ट्रेक' म्हणतात. लांबचा, कष्टाचा प्रवास या अर्थाने हा शब्द इंग्रजीत रुळला. १९६४ साली कर्नल जिमी रॉबर्ट्स यांनी नेपाळात पर्यटकांना हिमालयात पायी नेणारी कंपनी काढली. तेव्हापासून तो डोंगरवाटांना पक्का चिकटला.

आता वापर पाहू. बांधाबांधाने मारलेला फेरफटका म्हणजे 'वॉक'. सकाळी डोंगर चढून संध्याकाळी घरी परतणे म्हणजे 'हाईक'. पाठीवर सामान घेऊन, मुक्काम करीत दिवसचे दिवस चालणे म्हणजे 'ट्रेक'. काटेकोर बोलायचे तर १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर जाऊन त्याच दिवशी परत येणे ही हाईकच. पण आपल्याकडे तिलाही ट्रेक म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. 'ट्रॅक' मात्र म्हणू नये. ट्रॅक म्हणजे पायवाट किंवा रेल्वेचा रूळ. वर्तमानपत्रात 'भाड्यात हाईक' असे वाचाल, तेथे हाईक म्हणजे वाढ.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी ट्रेकला निघाली, की 'पैसे किती?' एवढेच विचारून थांबू नका. रात्रीचा मुक्काम कोठे, वाट माहीत असलेले सोबत कोण, पाणी किती नेणार, पायात घट्ट बूट आहेत की चप्पल, हे सारे विचारा. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, हे तुमच्याइतके दुसरे कोण जाणतो?