चेंडू आणि लंगडी

मधल्या सुटींत प्राथमिक वर्गांच्या पटांगणाशीं क्षणभर उभें राहिलें, तर एक गोष्ट सहज नजरेस येते. चेंडू मुलग्यांच्या हातीं असतो व मुली एका बाजूस लंगडी घालीत किंवा दोरीवरून उड्या मारीत असतात. पुष्कळ पालक म्हणतात, "मुलींस चेंडू फेंकतां यावयाचा नाहीं, त्यांचा हातच तसा." हें म्हणणें कितपत खरें, याचा आम्ही येथें थोडा विचार करणार आहों.

अमेरिकेंत डेल उलरिक यांनीं १९८५ सालीं लहान मुलांच्या हालचाली तपासण्याची एक कसोटी प्रसिद्ध केली. तिचे दोन भाग आहेत : एकांत धांवणें, उडी मारणें, लंगडणें, दुसऱ्यांत फेंकणें, झेलणें, चेंडूस पायानें मारणें. अशा कसोट्यांनीं अनेक देशांत मुलें तपासलीं गेलीं. चेंडूच्या कामांत बहुधा मुलगे पुढें असतात. पहिल्या भागांत मात्र भेद थोडा. लंगडींत व तोल सांभाळण्यांत तर पुष्कळदां मुलीच सरस ठरतात.

सर्वांत मोठें अंतर फेंकण्यांत. जेरी थॉमस व कॅरन फ्रेंच यांनीं १९८५ सालींच ६४ अभ्यास एकत्र पडताळले, तेव्हां तें अगदीं लहान वयापासून दिसून आलें. आतां या वयांत मुलगे व मुली यांची उंची आणि बळ जवळजवळ सारखेंच असतें. मग हें अंतर कोठून आलें ?

फेंकणें हें केवळ हाताचें काम नव्हे. उजव्या हातानें फेंकणारानें डावा पाय पुढें टाकावा, मग कंबर वळवावी, मग खांदा, आणि सरतेशेवटीं हात. चाबकाप्रमाणें सारा वेग टोंकास येतो. जिला हें कोणी दाखविलेंच नाहीं, ती पाय जमिनीस खिळवून नुसत्या कोपरानें चेंडू ढकलते. (मुलग्यास डाव्या हातानें फेंकावयास सांगून पाहावें, तोही बहुधा असाच ढकलील!) थॉमस व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथेंही मुलगे पुढें होतेच, पण अंतर इतर ठिकाणांपेक्षां कमी होतें. निसर्गाचा यांत भागच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं; सगळा भार त्याच्या माथीं टाकणें मात्र आम्हांस पटत नाहीं.

पहिलींत जिच्याकडे कोणी चेंडू टाकीत नाहीं, तिला चौथींत लगोरीस कोणी घेत नाहीं. पुढें ती आपण होऊनच मैदानापासून दूर राहते. तिकडे लंगडी हा "मुलींचा खेळ" म्हणून मुलगेही तोलाच्या अभ्यासास मुकतात. घरच्या अंगणांत रोज दहा मिनिटें वडिलांनीं मुलीशीं चेंडू खेळावा. शाळेंत लगोरीचे गट मिसळावे व पहिली फेंक मुलींस द्यावी. लंगडीच्या डावांत आरंभीं मुलग्यांची फजिती होते, ती आम्ही पाहिली आहे. चार दिवसांनीं तेही टिकूं लागतात.