मिरगाच्या आधी बाज उभी करा
घर-अंगण : भाग ६

गेल्या वैशाखात आमच्या ओट्यावर एक पाहुणे खुर्चीसकट खाली आले. हातातली कपबशी शाबूत राहिली, हे त्यांचं कसब. खुर्चीचा मागचा पाय मात्र खडूच्या कांडीसारखा तुटला होता. ‘स्वस्तातला माल’ म्हणून आम्ही मोकळे झालो, पण खरी चूक आमचीच. ती खुर्ची चार वर्षं रात्रंदिवस अंगणात पडून होती.

मागच्या भागात गच्चीची गळती पाहिली. पावसाची धास्ती आपल्याला असतेच. अंगणातल्या सामानावर मात्र पहिला हात ऊन मारतं आणि उरलेलं काम पाऊस करतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कळमनुरीत भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरते. या उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तुटतात. वरचा थर भुरकट होतो, आतला कडक. खुर्चीवर बोट घासा. पांढरी भुकटी लागली आणि पाय वाकवताना करकर आवाज आला, तर ती कुंड्या ठेवायला घ्या, माणूस बसवायला नको. रंग मारून तिची ताकद परत येत नाही. चांगल्या खुर्च्यांना साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरतं. तारेची घासणी लावली की चरे पडतात आणि चऱ्यात मळ बसतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबाच्या फोडीने निघतात. धुऊन झालं की खुर्च्या सावलीत रचा.

आता बाज. काथ्याची असो की नवारीची, ती वर्षातून एकदा तरी उभी केलीच पाहिजे. नवार सुती असेल तर सोडून धुवा, कडक वाळवा, मगच विणा. ओलसर विणलेली नवार वाळल्यावर झोळ धरते. खूर आणि आडव्या दांड्यांच्या सांध्यात ढेकूण असतील तर तिथे उकळतं पाणी ओता. आजीचा उपाय आहे, आणि तो चालतो, कारण पन्नास अंशांच्या पुढे ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही टिकत नाहीत. नुसत्या उन्हात टाकलेल्या बाजेतले ढेकूण सांध्याच्या गारव्यात दडून बसतात.

खूर थेट मातीत टेकवू नका. आपल्या काळ्या मातीत ओल धरून राहते, आणि ओलीमागून वाळवी येते. प्रत्येक खुराखाली फरशीचा तुकडा ठेवला की काम झालं. शेतातल्या लाकडाला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे. बसायच्या सामानाला ते लावू नये. धोतराला लागलेला डाग निघत नाही, आणि ते अंगाला लागणंही चांगलं नाही.

सागवानी बाक राखाडी पडला म्हणजे कुजला, असं नाही. उन्हाने लाकडातलं लिग्निन सुटतं, पाऊस ते धुऊन नेतो, एवढंच. पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने मारा, धूळ पुसा आणि जवसाचं उकळलेलं तेल, रंगारी ज्याला बेल तेल म्हणतात ते, पातळ हाताने लावा. चटणीच्या जवसाचं कच्चं तेल चालतं, पण वाळायला कित्येक दिवस घेतं. पाव तासाने वर राहिलेलं तेल पुसून काढा, नाहीतर बाक चिकट राहतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.

ते पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं आणि वाळताना तापतं. चुरगळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. ओल्या कापसाची गंजी आतून कशी तापते, हे ज्याने पाहिलंय त्याला हे सांगावं लागणार नाही. फडकं पाण्यात बुडवा किंवा दोरीवर मोकळं पसरा.

लोखंडी झोपाळ्याचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून त्याच दिवशी रेड ऑक्साइड लावा. उघडं लोखंड रात्रीच्या दमटपणानेही पुन्हा धरतं. मग ऑइलपेंटचे दोन हात, तेही सकाळी, सावलीत, कारण तापल्या लोखंडावर रंगाला फोड येतात. आणि पाइपाच्या टोकाची प्लॅस्टिकची बुचं तपासा. बूच गेलं की पाणी आत साचतं, पाइप आतून सडतो, आणि वरून रंग तसाच चकचकीत दिसत राहतो.

मृग ७-८ जूनला लागतो. तेलाला आणि रंगाला वाळायला कोरडे दिवस हवेत, तेव्हा हे सगळं मे संपायच्या आत उरका. पुढच्या आठवड्यात पाण्याची टाकी.