‘अर्धसत्य’मधील अनंत वेलणकर : एक पुनर्विचार

गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ (१९८३) हा चित्रपट हिंदी असला तरी मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो परका नाही. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि दिलीप चित्रे यांची कविता अशा तीन मराठी लेखण्या त्यामागे आहेत. गुन्हेगारीपटाच्या चौकटीत असूनही येथे रहस्य गुन्ह्याचे नाही. गुन्हेगार कोण हे आरंभापासून ठाऊक आहे. उलगडत जाते ती फौजदार अनंत वेलणकर (ओम पुरी) ही व्यक्तिरेखा.

‘जंजीर’ (१९७३) मधील संतप्त पोलीस नायकाच्या परंपरेत वेलणकरला बसविण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य नाही. वेलणकरचा संताप मुळात व्यवस्थेविरुद्धचा नाही. बापाने (अमरीश पुरी) आईला केलेली मारहाण त्याने लहानपणी हतबलपणे पाहिली आहे, आणि त्याच बापाच्या आग्रहाने खाकी गणवेश चढविला आहे. म्हणजे ज्या पौरुषाचा त्याला तिटकारा आहे, तेच त्याचे उपजीविकेचे साधन झाले आहे.

या दृष्टीने चित्रपटाचा मध्यबिंदू शेवटी नसून कोठडीच्या प्रसंगात आहे, असे मला वाटते. डाकू पकडल्याचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पदरात पडते. त्यानंतर रेडिओ चोरणारा एक भुरटा चोर वेलणकरच्या हाती सापडतो आणि मारहाणीत मरतो. ज्याचे श्रेय चोरले गेले, तो आपला सूड उगवतो सर्वांत दुबळ्या चोरावर. निहलानी-तेंडुलकरांनी येथे नायकाला कोणतीही सवलत दिलेली नाही. हिंसेचा शोध तेंडुलकरांनी ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’ या नाटकांतूनही घेतला होता. पण ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) हे नाटक येथे अधिक जवळचे. सत्ता आपला कोतवाल घडविते, वापरते आणि टाकून देते.

निलंबित वेलणकर अखेरीस रामा शेट्टीकडे (सदाशिव अमरापूरकर) मदत मागायला जातो, तेथे त्याचा गळा आवळतो आणि स्वतः पोलिसांच्या स्वाधीन होतो. या प्रसंगाला प्रेक्षक टाळ्या देतात. वर्गात चित्रपट दाखविला तेव्हा माझ्या विद्यार्थ्यांनीही दिल्या. त्यांतील एकानेही चोराचा उल्लेख केला नाही, हे मला अधिक अस्वस्थ करून गेले. दोन्ही हत्या एकाच हातांनी झाल्या आहेत. शेट्टीचा मृत्यू न्याय वाटत असेल, तर चोराच्या मृत्यूला काय म्हणायचे? शिवाय वेलणकर तेथे गेला होता तो न्याय करायला नव्हे, शरण जायला.

ज्योत्स्ना (स्मिता पाटील) साहित्याची प्राध्यापिका आहे, हा तपशील म्हणूनच अर्थपूर्ण ठरतो. चक्रव्यूहाची प्रतिमा असलेली चित्रे यांची कविता वेलणकर तिच्यासमोर सहज वाचू लागतो आणि वाचता वाचता गंभीर होतो. कविता त्याला स्वतःची ओळख पटविते. पण पुढे त्याचा हात ती अडवू शकत नाही. चोराला मारल्यावर ज्योत्स्नाही त्याच्यापासून दूर होते. तिचे हे दूर होणे पटकथेने थोडक्यात आटोपले आहे, आणि ही मला या श्रेष्ठ कृतीतील खरी उणीव वाटते.