पिलू जगलं पाहिजे : मराठवाड्यातल्या परसातल्या कोंबडीपालनाचा आढावा

दिवाळीच्या सुमारास बाजरी घरात आलेली असते, सोललेला मका अंगणात वाळत असतो आणि पहाटेचा गारवा सुरू झालेला असतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, वैजापूरच्या वाड्यावस्त्यांवर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायचे हेच दिवस. आता निघालेली पिलं उन्हाळ्यापर्यंत अंग धरतात आणि मृगाच्या ओलीआधी धड होतात. हे वेळापत्रक इथल्या बायकांनी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. सासूकडून सुनेकडे आलेलं हे ज्ञान आहे.

या ज्ञानाच्या आधारावर उभा असलेला व्यवहार किती मोठा आहे, ते २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत दिसतं. देशातल्या ८५ कोटी १८ लाख कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते. २०१२ च्या तुलनेत परसातले पक्षी ४५.८ टक्क्यांनी वाढले, तर व्यापारी फार्मवरचे केवळ ४.५ टक्क्यांनी. महाराष्ट्राचा एकूण आकडा मात्र या काळात किंचित घटून ७ कोटी ४३ लाखांवर आला. फार्मच्या पांढऱ्या पक्ष्यांपुढे गावरान कोंबडी टिकणार नाही, असं भाकीत वर्षानुवर्षं ऐकू येत होतं. ती टिकली आहे. तिच्यासाठी आपण काय करतो आणि काय करायला हवं, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

घरधनिणीचा व्यवहार

कोरडवाहू घरात कापसाचा, तुरीचा, मक्याचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि बहुतेक वेळा आधीच्या देण्यात जातो. दूध संघाचं बिल पुरुषाच्या नावावर निघतं. अंड्यांचे आणि कोंबडीचे पैसे मात्र घरातल्या बाईच्या हातात पडतात आणि तिच्याच हातून खर्च होतात. पोराची वही, आजारी माणसाला तालुक्याला न्यायचं एसटीचं भाडं, बचत गटाचा हप्ता, माहेरी जाताना नेसायचं लुगडं, हे सगळं त्यातून भागतं. भूमिहीन कुटुंबात तर शेळी आणि कोंबडी एवढंच पशुधन असतं. जिच्याकडे कोंबडी घ्यायलाही पैसे नाहीत, ती शेजारणीची तलंग बटईनं घेते. पिलं मोठी झाली की निम्मी मालकिणीला द्यायची आणि निम्मी आपली. कागद, जामीन किंवा व्याज नसलेलं हे भांडवल केवळ शब्दावर फिरतं.

विक्रीचा दरवर्षीचा कस आखाडात लागतो. श्रावण लागण्याआधी गावरान कोंबड्याला मागणी वाढते, जत्रांचा आणि नवसाचा हंगाम वेगळा, जावई आला तर तो खर्च घरातलाच. शहरात छावणीचा गुरुवारचा आणि जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार, तालुक्यांचे आपापले बाजार, आणि त्याखेरीज दारात येणारा व्यापारी. दारातला व्यापारी वजन न करता नगावर भाव ठरवतो आणि बाईचं नुकसान तिथेच होतं. येसर-काळ्या मसाल्यातलं गावरान कोंबडीचं कालवण आणि बाजरीची भाकरी यांसाठी महामार्गावरच्या ढाब्यात जे पैसे मोजले जातात, त्यातला फारच थोडा वाटा कोंबडी वाढवणारीपर्यंत पोचतो.

एकवीस दिवस

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. फार्मवरची संकरित लेअर तीनशेच्या पुढे जाते. एवढाच आकडा पाहिला तर गावरान पक्षी नालायक ठरतो. पण फार्मच्या कोंबडीतून खुडूक बसण्याचा गुण निवड करकरून काढून टाकलेला असतो. ती अंडी देते, वंश वाढवत नाही. गावरान कोंबडी थोडी अंडी देते, मग खुडूक होते, दहा-बारा अंडी पोटाखाली घेऊन एकवीस दिवस बसते, दिवसातून थोडाच वेळ चरायला उठते, अंडी स्वतः फिरवते आणि पिलं निघाल्यावर त्यांना उकरायला, लपायला, घारीची सावली ओळखायला शिकवते. वीज, यंत्र आणि माणसाचं जागरण तिनं वाचवलेलं असतं.

या एकवीस दिवसांचं शास्त्र समजून घेतलं तर बरीच अंडी वाया जायची वाचतात. बसवण्याआधी अंडं साधारण वीस-एकवीस अंशांच्या वर राहिलं की आतला जीव हळूहळू वाढू लागतो आणि पुरेशी ऊब न मिळाल्यानं अशक्त होतो किंवा मरतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो, घरातली उतरंडही तापते. म्हणून उन्हाळ्यात जमवलेली अंडी बसवली तर निम्मीशिम्मी पोचट निघतात. यावर साधा उपाय आहे. ओल्या वाळूत माठ अर्धा पुरायचा, त्यात गवतावर अंडी ठेवायची, वर ओलं फडकं टाकायचं आणि आठवड्याच्या आतली अंडीच बसवायला घ्यायची. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडापुढे अंडं धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात ते दिसत नाही ते अंडं काढून टाकायचं. विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडतात या समजुतीनं टोपल्यात लोखंडाचा खिळा ठेवायची रीत अनेक घरांत आहे. त्याच्या जोडीला बॅटरीची तपासणी आली, तर फायदा डोळ्यांना दिसेल.

उन्हाळा मोठ्या पक्ष्यालाही सोसत नाही. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि कवच बनायला लागणाऱ्या कार्बोनेटचा तुटवडा पडतो. वैशाखातली अंडी पातळ कवचाची निघतात, त्यामागचं एक मोठं कारण हे. लिंब किंवा शेवग्याची सावली, खुराड्यावर ओलं पोतं आणि मातीच्या परळात दिवसातून तीनदा ताजं पाणी, एवढ्यानंही जीव वाचतात.

वाटप झालं, पुढे काय?

सुधारित जातींचा इतिहास आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं गिरिराज दिला. हैदराबादच्या राजेंद्रनगरमधल्या कुक्कुट संशोधन संस्थेनं वनराज आणि ग्रामप्रिया दिल्या. रंगीत पिसारा, परसात फिरण्याची ताकद आणि गावरानच्या दुप्पट-तिप्पट अंडी, असा या पक्ष्यांचा हेतू होता. त्याआधीच पुण्यातून वेगळी क्रांती सुरू झाली होती. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा भाव ठरवण्याची ताकद दलालाकडून उत्पादकाकडे आली. त्या क्रांतीनं स्वस्त अंडं घराघरांत पोचवलं, पण परसातल्या दहा कोंबड्यांची मालकीण तिच्या बाहेरच राहिली.

तिच्यासाठी शासनाच्या योजना आहेत. पशुसंवर्धन विभागाची पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात पन्नास टक्के अनुदानावर एक दिवसाच्या शंभर पिलांचा गट, किंवा २५ तलंगा आणि ३ नरांचा गट मिळतो. २०२१ पासूनच्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात किमान हजार माद्यांच्या पैदास फार्मसाठी २५ लाखांपर्यंत अनुदान आहे. तो मोठ्या गुंतवणुकीचा मार्ग आहे.

अडचण वाटपानंतर सुरू होते. एक दिवसाच्या पिलाला पहिले तीन-चार आठवडे कृत्रिम ऊब लागते. रात्री भारनियमन असलेल्या वस्तीवर बल्ब विझला की पिलं एकमेकांवर चढून गुदमरतात. तलंगांचा गट त्यामानानं सोपा, पण सुधारित पक्षी सहसा खुडूक बसत नाही. दोन वर्षांत कोंबड्या म्हाताऱ्या होतात, विकल्या जातात आणि खुराडं पुन्हा रिकामं पडतं. त्यावरचा उपाय गावातच आहे. गावरान कोंबडी मोडीत न काढता आई म्हणून ठेवायची आणि तिच्या पोटाखाली सुधारित जातीची फलित अंडी बसवायची. उबवणी केंद्रांनी पिलांच्या बरोबरीनं अशी अंडीही गावोगाव पोचवली, तर कमी पैशांत जास्त घरं उभी राहतील.

झटपट श्रीमंतीच्या मागे लागल्यावर काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो आदिवासी भागातला उत्तम पक्षी आहे. पण त्याच्या नावावर करारशेतीची आमिषं दाखवली गेली आणि २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून उघड झालेल्या घोटाळ्यात राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले.

मानमोडी

परसातल्या कोंबडीचा सगळ्यात मोठा शत्रू घार, मुंगूस किंवा बोका नाही. तो राणीखेत हा विषाणूजन्य रोग आहे. भारतात तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊँमधल्या राणीखेतला नोंदला गेला, म्हणून ते नाव. गावात त्याला मानमोडी म्हणतात, कारण आजारी पक्ष्याची मान वाकडी होते. हिरवट हगवण लागते, पंख गळतात आणि दोन-चार दिवसांत सगळी वस्ती सुनी होते. आजारी कोंबडी स्वस्तात बाजारात विकली जाते आणि रोग पुढच्या गावाला पोचतो.

या रोगावर लस आहे आणि ती महाग नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बीचं इंजेक्शन, मधल्या काळात देवीची लस. पुण्याची पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था अशा लसी तयार करते. शंभर मात्रांच्या बाटलीची किंमत एका गावरान कोंबडीपेक्षा कमी असते. पण बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. ज्या घरात आठ पिलं आहेत, तिथे उरलेल्या ब्याण्णव मात्रांचं काय करायचं? मराठवाड्यातल्या हजारो खुराड्यांचं भवितव्य या प्रश्नात अडकलं आहे.

बर्ड फ्लूनं आणखी एक धडा दिला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातली पहिली लागण जाहीर झाली आणि पाठोपाठ जळगाव जिल्ह्यातल्या परसांतही रोग सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या दगावल्या. अशा वेळी ठरावीक परिघातले सगळे पक्षी मारावे लागतात, परसातलेही. मरतुक लपवली तर माणसांनाही धोका असतो. म्हणून भरपाई लगेच हातात पडली पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी कुणी खबर देणार नाही.

उकिरड्यावरचं पोषण

थायलंडमधल्या बान नॉन वात इथे सापडलेली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची हाडं कोंबडीच्या सर्वांत जुन्या खात्रीच्या पुराव्यांत धरली जातात. रानकोंबडा माणसाजवळ आला तो शेतातल्या धान्याच्या ओढीनं, असं ती हाडं अभ्यासणाऱ्या संशोधकांचं म्हणणं आहे. खळ्यावरचे सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे, कोवळा पाला, हे आजही परसातल्या कोंबडीचं मुख्य खाद्य आहे. प्रथिनं वाढवायची तर शेण आणि ओलं गोणपाट भरलेलं मडकं वारुळाजवळ रात्रभर उपडं ठेवावं. सकाळी त्यात वाळवी भरलेली असते आणि पिलं त्यावर तुटून पडतात.

दोन धोके मात्र सांगितलेच पाहिजेत. सिल्लोड-कन्नड पट्ट्यात मका भरपूर. परतीच्या पावसात भिजलेल्या मक्यावर बुरशी येते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन पिलांचं यकृत निकामी करतं. माणसाला चालत नाही म्हणून तो मका कोंबडीला घालणं म्हणजे तिला विष घालणं आहे. दुसरा धोका पेरणीच्या दिवसांतला. कीटकनाशकाचा रंगीत लेप दिलेलं बियाणं बांधावर सांडतं आणि कोंबड्या ते टिपतात. पेरणीचे आठ दिवस कोंबड्या डालग्याखाली ठेवायलाच हव्यात.

एक अंडं, एक दिवस

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार माणसाला वर्षाला १८० अंडी मिळावीत. २०२३-२४ मध्ये देशातली उपलब्धता दरडोई १०३ होती. महाराष्ट्रानं नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. हा निर्णय फिरायला हवा. शाळेनं गावातल्याच बचत गटांकडून अंडी घेतली, तर मुलाला प्रथिनं मिळतात, त्याच्या आईला हक्काचं गिऱ्हाईक मिळतं आणि दारातल्या व्यापाऱ्याची मनमानी थांबते.

त्याआधी पिलू जगलं पाहिजे. साधा हिशेब मांडू. समजा दहा कोंबड्यांनी वर्षभरात साडेपाचशे अंडी दिली, त्यातली दीडशे बसवली आणि शंभर पिलं निघाली. लस नाही, बंदिस्त खुराडं नाही, म्हणून तीस जगली. लस आणि खुराडं असतं तर सत्तर जगली असती. मधल्या चाळीस पक्ष्यांना नगामागे ४०० रुपये धरले तरी सोळा हजार होतात. कोरडवाहू घरात ही रक्कम लहान नाही, आणि ती मिळवायला नवी जात, नवं कर्ज, नवी जमीन काहीच लागत नाही.

लागते ती गावपातळीवरची व्यवस्था. उमेद अभियानानं गावोगावी पशुसखी तयार केल्या आहेत. प्रत्येक पशुसखीला बर्फाची पेटी द्यावी, महिन्यातला एक वार गावाचा लसीकरणाचा वार म्हणून ठरवावा आणि त्या दिवशी दोन तासांत सगळ्या वस्तीच्या पिलांच्या डोळ्यांत थेंब पडावा. शंभर मात्रांच्या बाटलीचं कोडं तिथेच सुटतं. गांधेलीचं एमजीएमचं कृषी विज्ञान केंद्र आणि पैठण रोडवरचं परभणी कृषी विद्यापीठाचं केंद्र यांनी खुराडं, लस आणि साठवण हे तीनच विषय घेऊन वस्त्यांवर उतरावं. आणि पशुसंवर्धन विभागानं वार्षिक अहवालात आणखी एक रकाना वाढवावा : वाटलेल्या पिलांपैकी सहा महिन्यांनी किती जिवंत आहेत. तो रकाना भरायची सक्ती झाली, की पहिल्या चार आठवड्यांची ऊब आणि लस यांची काळजी वाटप करणाऱ्यालाही घ्यावी लागेल, आणि आजवर ती एकटीनं घेत आलेल्या बाईच्या मागे पहिल्यांदाच कुणीतरी उभं असेल.