विळ्या-कोयत्याची धार आणि दगडाची निवड



सुगी तोंडावर आली, की मजूर, पोती, मळणी यंत्र यांची जुळवाजुळव आपण आधीपासून करतो. विळ्याची धार मात्र बांधावर पोचल्यावर आठवते. मग हाताला लागेल त्या दगडावर चार घासे मारायचे अन् कामाला लागायचे. दुपारपर्यंत विळा पुन्हा बोथट! बोथट विळ्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो निसटतो आणि निसटला की हातावरच बसतो.

नुकसान हाताचेच नाही, पिकाचेही आहे. उसाच्या खोडव्याचे फुटवे जमिनीतल्या बुडख्याच्या डोळ्यांतून येतात. बोथट कोयत्याने बुडखे चिरफळतात, त्यातून बुरशी आत शिरते आणि खोडव्यात नांग्या पडतात. द्राक्षाची काडी बोथट सिकेटरने चेंगरली, तर जखम लवकर भरून येत नाही. म्हणून धारेच्या कामात हयगय नको.

दगड कसा निवडावा?

विहिरीच्या काठचा काळा दगड धुणे आपटायला चांगला, धारेला नव्हे. पोलाद झिजवायला दगडाचे कण पोलादापेक्षा कठीण लागतात. पूर्वापार वापरातला कुरुंद हा फार कठीण, हिऱ्याच्या खालोखालच्या दगडांतला. आज बाजारात मिळणारे निसणे बहुधा कारखान्यात तयार होतात. त्यांत कृत्रिम कुरुंद किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. सिलिकॉन कार्बाइड कुरुंदाहूनही कठीण असते.

दगडावर नंबर असतो. नंबर लहान तितका दगड भरड, नंबर मोठा तितका बारीक. साधारण १०० ते १२० नंबरची बाजू बोथट पाते उतरवायला आणि २४० च्या आसपासची बाजू धार बसवायला पुरते. एका अंगाला भरड, दुसऱ्या अंगाला बारीक असा जोड दगड घेतला, की घरची बहुतेक कामे भागतात. विळ्याच्या आतल्या बाकासाठी दोन्ही टोकांना निमुळता, हातात धरायचा लांबट दगड घ्यावा. घेताना दगडाला तडा नाही ना, हे पाहावे.

धार कशी लावावी?

पाते आधी धुऊन पुसून घ्यावे. खांड पडली असेल, तर ती कानशीने काढावी. कानस पुढे जाताना कापते, मागे आणताना ती उचलावी. दगड पाण्यात भिजवून घ्यावा. पाणी किंवा तेल, एका दगडाला एकच ठेवावे. तेलकट दगडावर पुढे पाणी धरत नाही.

पात्याचा कल महत्त्वाचा. कागदाचा काटकोनी कोपरा घ्या. त्याची एक घडी घातली की ४५ अंश, दुसरी घातली की साडेबावीस अंश. विळ्याला या दुसऱ्या घडीइतका कल ठेवावा. कोयत्याला व कुऱ्हाडीला थोडा जास्त, कारण फार पातळ धार टणक उसावर किंवा लाकडावर मुडपते. ज्या बाजूला मूळचा उतार आहे, त्याच बाजूने घासावे.

सरळ पाते दगडावर फिरवावे. विळ्याचे मात्र उलट : विळा पक्का धरून दगड फिरवावा, बोटे धारेपासून दूर ठेवावीत. कल न बदलता मुठीपासून टोकापर्यंत घासत जावे. पलीकडच्या बाजूला बारीक खरखर लागली, म्हणजे धार कडेपर्यंत पोचली. आता बारीक बाजूने घासावे आणि पाते उलटे, सपाट टेकवून ती खरखर हलकेच काढावी. धार अंगठ्याने पाहू नये, गवताच्या काडीवर पाहावी.

सिकेटरच्या कापणाऱ्या पात्याची फक्त उताराची बाजू घासावी. दातेरी विळ्याला मात्र दगड लावू नका. दाते झिजले, की तो कामातून गेला.

विजेच्या सहाणेवर धार लावून घेताना पाते घडोघडी पाण्यात बुडवायला सांगा. पाते निळे पडले, म्हणजे लोहाराने दिलेले पाणी उतरले. मग धार टिकत नाही. असे पाते पुन्हा लोहाराकडूनच शेवटून घ्यावे लागते.

दगडाची निगा

काम झाल्यावर दगड धुऊन सावलीत सुकवावा. मध्ये खळगा पडला, तर सपाट फरशीवर वाळू-पाणी टाकून घासून तो सारखा करावा. अवजाराच्या पात्याला तेलाचा हात द्यावा म्हणजे गंज चढत नाही.

एवढी काळजी घेऊनही हात कापलाच, तर जखम स्वच्छ धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठा. हळद भरून कामाला लागू नका.

रात्री जेवणे झाली, की उद्याचे विळे आजच पाजवून ठेवा. सकाळच्या गार वेळेतले काम धारेवाचून अडता कामा नये.