आई कामाला निघते तेव्हा

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीसारख्या किनारी गावात आई मासळी विकायला जाऊ लागली, की तीन-चार वर्षांचं पोर पदर सोडत नाही. ‘येशील ना?’ हीच त्याची खरी काळजी.

हा हट्ट नव्हे. आठव्या महिन्याच्या आसपास जागणारी विरहाची भीती घरातल्या बदलाने पुन्हा उफाळते. घड्याळ न कळणाऱ्याला ‘पाचला येईन’ निरर्थक; ‘झोपून उठलास की येईन’ हे समजतं. नजर चुकवून निघणं मात्र टाळावंच, त्याने मुलाचा विश्वास उडतो.

पण आई कामावर असताना मुलाने राहायचं कुठे? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. १९७५च्या बालविकास योजनेतून अंगणवाड्या आल्या. पण त्या दुपारी बंद होतात आणि त्याच किनाऱ्यावरच्या हर्णैचा मासळी लिलाव संध्याकाळीही चालतो. तेवढे तास अजून आजीवरच सोपवलेले आहेत.