पारावरचा दगड ते जिमचा बार

शरीर कमावायचं वेड जिमबरोबर आलं, असं धाराशिव जिल्ह्यातल्या नव्या पोरांना वाटतं. तसं नाही. गावच्या मारुतीच्या पारावर एक गोल, गुळगुळीत दगड पडलेला असायचा. त्याला धरायला कड नाही, बोट अडकवायला खाच नाही. बसून दोन्ही हातांनी त्याला कवेत घ्यायचा, मांडीवर आणायचा, तिथून छातीला लावायचा आणि खांद्यावरून मागं टाकायचा. ज्याला जमलं त्याचं नाव गावात वर्षानुवर्षं निघायचं. सुगीत ज्वारीचं भरलेलं पोतं एकट्यानं पाठीवर घेऊन जायच्या पैजा लागायच्या. जिंकणाऱ्याच्या पदरात पडायचा एक नारळ, फार तर फेटा. तरीही पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा त्या दगडाशी जायचा. का जायचा, हा प्रश्न मला आजच्या जिमइतकाच त्या पारालाही विचारावासा वाटतो.

निजामाच्या राज्यात या प्रश्नाला एक थेट उत्तर होतं. सभेला परवानगी लागायची, आखाडा काढायचा तरी सरकारची नजर असायची. उमरगा भागात आर्य समाजानं पाय रोवले, तेव्हा संध्या-हवनासोबत लाठीकाठी आणि दंडबैठकाही आल्या. गुंजोटीच्या वेदप्रकाश या तरुण कार्यकर्त्याची हत्या याच काळातली. पुढं निजामाच्या पाठीशी असलेल्या रझाकारांचा धुमाकूळ वाढला आणि बार्शी-सोलापूरच्या बाजूनं सरहद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरं उभी राहिली. तिथल्या पोरांना कुणी ‘व्यायाम करा’ म्हणून सांगायची गरज नव्हती. घर राखायचं तर अंगात रग पाहिजे, एवढं प्रत्येकाला कळत होतं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा नळदुर्गच्या बाजूनं आत शिरल्या आणि 17 तारखेला राज्य संपलं. त्याबरोबर ते कारणही संपलं.

कारण संपलं, तरी तालीम बंद पडली नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

नंतरची दोन-अडीच दशकं कुस्तीची. जत्रेचा शेवटचा दिवस फडाचा. सुरुवातीला रेवड्यांवर लहान पोरांच्या कुस्त्या आणि सूर्य कलल्यावर मोठ्या इनामाची कुस्ती. 1969 ला महाराष्ट्र केसरीचा मान शेजारच्या लातूर भागातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी मिळवला, तोही लातूरच्याच मैदानात. तोवर मोठा पैलवान म्हणजे कोल्हापूर-सांगलीचा, असं आपल्याकडं गृहीतच असायचं. बिराजदारांनी ते मोडलं. पुढं पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मराठवाड्याची पोरं घडवली. काका पवार आणि राहुल आवारे ही त्यातली ठळक नावं. आपल्यासारख्याच कोरडवाहू रानातला माणूस तिथवर जातो, हे दिसल्यावर घराघरातून एखादं पोर तालमीत धाडलं जाऊ लागलं. घरचं दूध डेअरीला नाही तर भूमच्या खवा भट्टीला घालणाऱ्या घरातही एक तांब्या पैलवानासाठी बाजूला निघायचा.

1972 च्या दुष्काळानं तो तांब्या हिसकावला. जनावरं छावणीत, माणसं खडी फोडायला, खायला सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो ज्वारी. खुराकच नाही तर जोर कशावर मारणार? तालमी बंद पडल्या त्या पोरं आळशी झाली म्हणून नाही. अंगमेहनतीवर वाढणारं शरीर खाण्यावर तगतं, आणि खायलाच नव्हतं. पुढं 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानं लोहारा-उमरगा पट्ट्यात गावंच्या गावं उठवली. लातूर आणि आपला जिल्हा मिळून पन्नासच्या आसपास गावं नव्या जागी वसली. नव्या गावठाणात रस्ते सरळ झाले, घरं पक्की झाली. पार मात्र जुन्या ठिकाणीच राहिला आणि संध्याकाळी तिथं जमायची सवयही मोडली.

याच नव्वदीत मातीची जागा लोखंडानं घेतली. लोखंड तरी कसलं, खरं तर सिमेंट. वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे घ्यायचे, वाळू-सिमेंटचा माल कालवून एकात ओतायचा आणि मधोमध नळाचा पाइप उभा करायचा. तो वाळला की पालथा करून दुसरं टोक दुसऱ्या डब्यात. चार दिवस पाणी मारायचं आणि पत्रा कापून काढायचा. दोन्ही बाजू कधीच सारख्या वजनाच्या होत नसत, त्यामुळं दर खेपेला हात बदलून मारावं लागे. पाइपाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की पकड तयार. कितीतरी घरांच्या माळवदावर असा एखादा डंबेल असायचा. भिंतीवर सलमान खान नाही तर अरनॉल्ड. 2008 ला ‘गजनी’ आला आणि तालुक्याच्या गावात जिमचे फलक दिसू लागले. पैलवानाला पोट असलेलं चालायचं, या नव्या पोरांना पोटावर चौकटी हव्या होत्या. कुस्तीत ताकद दुसऱ्याच्या अंगावर सिद्ध व्हायची. इथं समोर आरसा होता.

जुनी माणसं या आरशावर फार टीका करतात. मला ती पटत नाही. विशीतल्या पोरानं चांगलं दिसावंसं वाटून घरातून बाहेर पडणं यात वाईट काही नाही. अडचण एवढीच की आरसा फार काळ टिकवून धरत नाही. पहिल्या दीड-दोन महिन्यांत उचलायचं वजन झपाट्यानं वाढतं. स्नायू फार जाड झालेले नसतात, मज्जासंस्था मात्र जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला शिकलेली असते. म्हणजे बारवर प्लेटा चढतात आणि आरशात दंड तेवढाच. बरीच पोरं इथंच सुटतात. अमेरिकेत रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 ला तायक्वांदो आणि एरोबिक्स करणाऱ्यांची तुलना केली होती. दिसण्याकडं जास्त लक्ष असलेले एरोबिक्सवाले कमी टिकले. तायक्वांदोवाल्यांना करण्यातच मजा येत होती आणि आपल्याला काहीतरी जमतंय याचं समाधान होतं, ते जास्त टिकले. आपल्या जिममध्ये दोन-चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

पण धाराशिवमध्ये जिम भरल्या त्या सिनेमापेक्षा पोलीस भरतीनं. हा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या 2018 च्या यादीत आला, महाराष्ट्रातल्या फक्त चार जिल्ह्यांपैकी एक म्हणून. कारखानदारी बेताची, पाऊस बेभरवशाचा. 2012 नंतरची कोरडी वर्षं ज्यांनी पाहिली, त्यांना सांगायला नको. अशा ठिकाणी पोलीस शिपाई ही नोकरी नसते, ते घराचं पुनर्वसन असतं. आताच्या पद्धतीत मैदानी चाचणी 50 गुणांची: मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. पूर्वी लांब उडी आणि पुलअप्सही होत्या. छाती न फुगवता 79 सेंटिमीटर आणि फुगवून किमान 5 जास्त. एका गुणानं यादीतून नाव जातं.

गोळा 7.260 किलोचा. नवीन पोरगं तो तळहातात धरतं आणि दंडाच्या जोरावर भिरकावतं. सहा-सात फेकींत खांदा धरतो. अनुभवी पोरगं त्याला बाजूला घेतं. गोळा बोटांच्या मुळाशी बसव, हनुवटीखाली मानेला टेकव, पाठ करून उभा राहा, मागचा पाय वाकव. मग जोर पायातून निघून मांडीत, कमरेत, छातीत चढतो आणि हात फक्त शेवटी सुटतो. हे एकदा अंगात उतरलं की पोर आपणहून स्क्वॉटच्या रॅकखाली जाऊन उभं राहतं. बायसेप्स सोडून पाय मारायला लागलेलं पोर टिकणार, असं जिमवाले म्हणतात. माझाही अनुभव तोच.

भरतीला वयाची अट आहे: खुल्या गटाला 28, मागासवर्गीयांना 33. जागा थोड्या आणि अर्ज लाखांनी, म्हणजे बहुतेकांचं वय निघूनच जातं. माझ्या ओळखीचा कळंब भागातला एक असाच. तीन भरत्या दिल्या, वय संपलं, आता आडतीवर हिशेब लिहितो. पहाटे पाचला जिमला मात्र अजून येतो. खिशातल्या वहीत तारीख, खाली वजन, पुढं किती वेळा उचललं ते. मी त्याला विचारलं, आता कशासाठी? तो म्हणाला, ‘सोयाबीन पेरलं तर भाव कुणी दुसराच ठरवतो. पेपर दिला तर कट-ऑफ कुणी दुसराच ठरवतो. इथं मागच्या महिन्यात शंभर उचलले, या महिन्यात एकशे पाच. हे मी ठरवलं.’

मला वाटतं, या जिल्ह्यातल्या जिमचं सगळं उत्तर त्या बोलण्यात आहे. निजामाच्या वेळची भीती गेली, फडाचं इनाम गेलं, भरतीचं वय गेलं. दर वेळी बाहेरचं कारण गळून पडलं तरी काही माणसं मागं उरली. कष्ट आणि फळ यांचं नातं जिथं पावसानं, बाजारानं आणि सरकारी यादीनं तोडून टाकलंय, तिथं हे एकच काम असं उरतं की खाल्लं, झोपला आणि नेमानं उचललं तर वजन वाढतं. तेही कायम नाही. वर्ष-दोन वर्षांनी गाडी अडते, महिनोन्‌महिने अडीच किलो चढत नाही. पण तोवर हातात धीर आलेला असतो.

ज्यांना तो धीर नाही त्यांच्यावर फार वाईट धंदा उभा राहिलाय. मेफेंटरमाइन हे रक्तदाब घसरल्यावर दवाखान्यात द्यायचं इंजेक्शन. ते जिममधल्या पोरांना चोरून विकणारे राज्यात ठिकठिकाणी पकडले गेलेत. त्यानं अंगात तात्पुरती तरतरी येते, स्नायू बनत नाही, आणि हृदयावर ताण येतो तो वेगळाच. भरती आठ दिवसांवर आली की ही सुई स्वस्त वाटायला लागते. जिम चालवणाऱ्यानं हे आपल्या दारातच अडवलं पाहिजे. भिजवलेले शेंगदाणे, हरभरे, अंडी, दूध यांवर शरीर हळू वाढतं, पण ते आपलं असतं.

2020 च्या मार्चमध्ये जिमला कुलूप लागलं ते दसऱ्याला, 25 ऑक्टोबरला उघडलं. मधल्या महिन्यांत पाण्याचे कॅन, विटा, ट्रॅक्टरचे टायर असं काय काय उचललं गेलं. माळवदावरचे जुने सिमेंटचे डंबेलही खाली आले. कुलूप निघाल्यावर गर्दीत एक नवा वर्ग आला, चाळिशी-पन्नाशीचा. शिक्षक, बँकेतले, दुकानदार. यांना आरशाशी देणंघेणं नाही. साखर वाढलेली, गुडघे बोलणारे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, आणि वाढत्या वयात स्नायू झिजतो तो चालण्यानं पुरेसा भरून येत नाही, हे डॉक्टरही आता सांगू लागलेत.

2023 च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र केसरीचा एक आखाडा थेट धाराशिवात रंगला. शिवराज राक्षेनं हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा घेतली. त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला दुसऱ्या संघटनेची वेगळी स्पर्धा झाली, हे दुर्दैव. पण गादीशेजारी बसलेल्या आपल्या पोरांना त्या वादाशी कर्तव्य नव्हतं. मान, पाठ, पिंढऱ्या कशा असाव्यात हे ती जवळून बघत होती.

मुलींची गोष्ट मात्र फार अलीकडं सुरू होते. पार त्यांचा नव्हता, तालीमही नव्हती. त्यांची वाट खो-खोच्या मैदानावरून आली. धाराशिवची सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार होती, 2020 ला तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची असताना ती तिथवर गेली, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आता भरतीच्या 4 किलोच्या गोळ्यासाठी मुली वजनं मारतात. सकाळी पोरांची गर्दी ओसरल्यावर त्यांची बॅच लागते, काही ठिकाणी दुपारी. गावागावात आमदार-खासदार निधीतून बांधलेले व्यायामशाळेचे हॉल कुलूपबंद पडलेत. त्यांच्या किल्ल्या दिवसातले दोन तास या मुलींच्या हातात आणि सोबत एक शिकवणारी बाई, एवढं ग्रामपंचायतीनं या उन्हाळ्यात केलं तरी पुढच्या भरतीत फरक दिसेल.